सूक्ष्मलहरी आणि बिनतारी संदेशवहन : इशारा शिवारापर्यंत कसा पोहोचतो व कोठे अडतो

वैशाख-ज्येष्ठात वळवाचे ढग दाटून येतात तेव्हा विजांसह पावसाचा इशारा हवामान खात्याकडून निघतो. माळावरील वस्तीत तो काही क्षणांतच शेतकऱ्याच्या खिशातील फोनवर उमटतो. त्याच गावची एखादी वाडी डोंगराच्या कुशीत असेल, तर तेथे मात्र तो कित्येकदा पोहोचतच नाही. माळावरचा शेतकरी काढलेला कांदा झाकून घेतो, जनावरे गोठ्यात बांधतो. वाडीतला शेतकरी उघड्या रानात सापडतो. दोघांकडे एकाच कंपनीचा फोन असतो आणि दोघेही सारखेच पैसे भरतात. मग हा भेद का पडतो, असा प्रश्न ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांना वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ज्या लहरींच्या पाठीवर बसून हा संदेश येतो, त्यांच्या स्वभावात आहे. तो स्वभाव समजून घेतला तर वाडीपर्यंत इशारा नेण्याची व्यवस्था गावालाच करता येते. ह्याच हेतूने हा पाठ लिहिला आहे.

लहरींची ओळख

आकाशवाणीचा कार्यक्रम, दूरदर्शनचे चित्र, फोनवरील बोलणे आणि सूर्याचा प्रकाश ही सर्व विद्युत्‌चुंबकीय लहरींचीच रूपे होत. ह्या लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने जातात. त्यांच्यात फरक आहे तो लांबीचा. पाण्यावरील दोन लगतच्या तरंगांच्या माथ्यांमधील अंतर म्हणजे जशी त्या तरंगाची लांबी, तशीच येथेही समजावी. एका सेकंदात जितक्या लहरी एका ठिकाणाहून जातात, तितकी त्यांची वारंवारता होय. ती हर्ट्झ ह्या मापात मोजतात. १० लाख हर्ट्झ म्हणजे १ मेगाहर्ट्झ व १,००० मेगाहर्ट्झ म्हणजे १ गिगाहर्ट्झ. लहर जितकी आखूड, तितकी तिची वारंवारता अधिक.

मध्यमलहरींवरील आकाशवाणी केंद्राची एक लहर साधारण २०० ते ५५० मीटर लांब असते. एक लहर म्हणजे दोन-चार शेतांची लांबी! ह्याउलट ३०० मेगाहर्ट्झपासून ३०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे १ मीटर ते १ मिलिमीटर लांबीच्या लहरींना सूक्ष्मलहरी म्हणतात. इंग्रजी नाव ‘मायक्रोवेव्ह’. येथील ‘सूक्ष्म’ हा शब्द आकाशवाणीच्या लांबलचक लहरींच्या तुलनेने वापरला आहे, एवढे ध्यानात ठेवावे. कारण ह्यांपैकी बहुतेक लहरी आपल्या हाताने मापता येण्याजोग्या आहेत. मोबाईल फोनची ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर, म्हणजे दीड वीत भरते. १८०० मेगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्मी. पाचव्या पिढीच्या फोनसेवेसाठी आपल्याकडे वापरली जाणारी साडेतीन गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर साडेआठ सेंटिमीटरची, म्हणजे चार-पाच बोटांची. घरावरच्या तबकडीत उतरणारी दूरदर्शनची लहर तर अवघी अडीच सेंटिमीटर असते.

ह्या लहरींचा अगदी आरंभीचा अभ्यास आपल्याच देशात झाला. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे बिनतारी लहरी पाठवून घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून दाखविला. त्यांच्या प्रयोगांतील काही लहरी तर केवळ ५ मिलिमीटर लांबीच्या होत्या. शेतकी शाळांतून बोस यांचे नाव वनस्पतींच्या संवेदनांवरील प्रयोगांसाठी घेतले जाते. परंतु आज खिशात फोन बाळगणारा प्रत्येक शेतकरी त्यांच्या ह्या पूर्वीच्या कामाचाही ऋणी आहे.

आखूड लहरीच का निवडल्या?

लांब लहरी डोंगर ओलांडून जात असतील, तर फोनसाठी त्याच का वापरीत नाहीत, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाच्या मनात येईल. त्याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण जागेचे. एका रुंद कालव्यातून जेवढे पाणी वाहते, तेवढे शेतातल्या पाटातून वाहत नाही. लहरींच्या बाबतीत ही रुंदी वारंवारतेच्या पट्ट्याची असते. आकाशवाणीचा मध्यमलहरींचा संपूर्ण पट्टा एका मेगाहर्ट्झहून थोडासाच अधिक रुंद आहे आणि त्यात देशातील सर्व केंद्रांनी दाटीवाटीने राहावयाचे असते. उलट चौथ्या पिढीच्या मोबाईल सेवेची एकच वाहिनी २० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद असू शकते. म्हणजे त्या एका वाहिनीत मध्यमलहरींचा सबंध पट्टा अठरा वेळा मावेल. शेकडो लोकांचे बोलणे, छायाचित्रे, बाजारभावांचे तक्ते एकाच वेळी वाहून न्यावयाचे तर असा रुंद कालवा हवा आणि तो सूक्ष्मलहरींच्या प्रदेशातच मिळतो.

दुसरे कारण दिशेचे. विजेरीच्या दिव्यामागे वाटीसारखा चकचकीत आरसा असतो, म्हणून तिचा झोत एका दिशेस जातो. लहरींचाही असा झोत करता येतो. मात्र त्यासाठी आरसा लहरीच्या लांबीच्या कितीतरी पट मोठा असावा लागतो. ३०० मीटर लांबीच्या लहरीला एवढा आरसा द्यावयाचा तर गावच्या गाव व्यापावे लागेल. १५ गिगाहर्ट्झची लहर केवळ २ सेंटिमीटरची असल्याने तिला ६० सेंटिमीटर व्यासाची तबकडी पुरते, आणि त्या तबकडीतून निघणारा झोत जेमतेम दोन-सव्वादोन अंश फाकतो. शक्ती वाया जात नाही आणि शेजारच्या झोताशी गोंधळही होत नाही.

फोनवर आपण बोलतो तेव्हा आवाजाचे रूपांतर प्रथम विजेच्या कमीअधिक दाबात व नंतर शून्य आणि एक ह्या दोन अंकांच्या मालिकेत होते. सूक्ष्मलहरीची उंची व तिच्या चढउताराची वेळ ह्या मालिकेनुसार क्षणोक्षणी किंचित बदलली जाते. पलीकडील यंत्र ते बदल वाचून पुन्हा आवाज तयार करते. लहर केवळ वाहक, संदेश हे तिच्यावरील ओझे.

मनोऱ्यावर काय काय असते?

गावाजवळचा मोबाईल मनोरा एकदा सावकाश निरखून पाहावा. त्यावर दोन प्रकारची उपकरणे दिसतील. उभ्या, लांबट, फळीसारख्या पेट्या बहुधा तीन बाजूंना तोंडे करून बसविलेल्या असतात. त्या गावातील फोनांशी बोलतात, आणि प्रत्येक पेटी आपल्यासमोरील सुमारे तिसरा हिस्सा सांभाळते. ह्यांखेरीज ढोलकाच्या आकाराची गोल उपकरणे असतात. त्यांचे काम गावाशी नसते. ती दूरच्या दुसऱ्या मनोऱ्यावरील तशाच ढोलकाकडे टक लावून असतात. गावातून गोळा झालेला सर्व संदेशव्यवहार ह्या झोतावरून पुढच्या मनोऱ्याकडे, तेथून त्याच्या पुढच्याकडे, असा टप्प्याटप्प्याने मुख्य केंद्राकडे जातो. जेथे जमिनीखालून काचतंतूंची तार आलेली आहे, तेथे हे काम ती तार करते. मग त्या मनोऱ्यावर ढोलक आढळणारही नाही.

हा फरक ध्यानी आला की नेहमीचे एक कोडे उलगडते. फोनवर दांड्या पूर्ण दिसतात, परंतु फोन लागत नाही किंवा संदेश जात नाही. अशा वेळी फोनमध्ये बहुधा दोष नसतो. दांड्या केवळ फोन व जवळचा मनोरा ह्यांच्यामधील लहरींचे बळ दाखवितात. मनोऱ्यापुढील टप्पा तुटला असेल, तार कोठे खणली गेली असेल, किंवा मनोऱ्यावर एकाच वेळी फार लोक बोलत असतील, तर दांड्यांना त्याची वार्ताही नसते. तक्रार नोंदविताना ‘रेंज नाही’ असे मोघम सांगू नये. ‘दांड्या आहेत पण फोन लागत नाही’ किंवा ‘दांड्याच नाहीत’ असे नेमके सांगावे. दुरुस्ती करणाऱ्यास ह्या दोन तक्रारींतून दोन वेगळ्या जागी पाहावे लागते.

टप्प्याटप्प्याने जाण्याची ही पद्धत जुनीच आहे. १९४७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क व बोस्टन ह्या शहरांमध्ये सूक्ष्मलहरींची अशी मालिका सुरू झाली, आणि १९५१ साली मनोऱ्यामागून मनोरा उभारीत ती त्या खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत नेण्यात आली. आपल्याकडेही काचतंतूंच्या तारा पसरण्यापूर्वी दूरच्या शहरांमधील टेलिफोन व्यवहाराचा मोठा भार असेच मनोरे वाहत असत.

डोंगर, झाड आणि पृथ्वीची गोलाई

झोत करता येतो हा ह्या लहरींचा गुण, आणि त्या जवळजवळ सरळ रेषेतच जातात ही त्याच गुणाची दुसरी बाजू. आकाशवाणीची लांब लहर जमिनीला धरून वळत जाते. टेकडीमागेही ती उतरते. सूक्ष्मलहर मात्र प्रकाशासारखी वागते. डोंगरामागे जशी सावली पडते, तशी तिचीही पडते. वाडी नेमकी ह्या सावलीत असते.

डोंगर नसला तरी पृथ्वीच आड येते. ५० किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणे सरळ रेषेने जोडली, तर मध्यावर पृथ्वीचा फुगवटा त्या रेषेपेक्षा सुमारे ४९ मीटर वर येतो. हवेच्या थरांमुळे लहर खालच्या बाजूस किंचित वाकते, म्हणून प्रत्यक्षात हा अडथळा ३७ मीटर असल्याप्रमाणे भासतो. ह्यासाठी एक सोपे गणित आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास ४.१२ ने गुणावे. म्हणजे त्या मनोऱ्याचे लहरक्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. ४० मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर येते. तशाच दोन मनोऱ्यांना सपाट मुलखात एकमेकांशी बोलावयाचे तर त्यांच्यातील अंतर फार तर ५२ किलोमीटर असू शकेल. मोबाईलसाठीचे टप्पे बहुधा ह्याहून बरेच आखूड असतात.

रेषा नुसती दिसून भागत नाही. तिच्याभोवती थोडी मोकळी जागाही लागते, कारण लहरींची शक्ती सुतासारख्या बारीक रेषेतून जात नाही. मध्ये फुगीर व टोकांना निमुळत्या अशा, बैलगाडीच्या तुंब्यासारख्या आकारातून ती जाते. ३० किलोमीटरच्या टप्प्यात ७ गिगाहर्ट्झच्या लहरीसाठी ह्या फुगवट्याची मध्यावरील त्रिज्या सुमारे १८ मीटर असते, आणि त्यातील निदान साठ टक्के भाग मोकळा ठेवावा असा अभियंत्यांचा दंडक आहे. पूर्वी चांगला चालणारा दुवा दहा वर्षांनी कुरकुरू लागतो, त्यामागे कधी कधी मध्येच वाढलेली निलगिरीची रांग किंवा नवी इमारत असते.

कडेवरून लहर थोडी वळते, हेही खरे. लहर जितकी लांब, तितकी ती अधिक वळते. म्हणून ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची सेवा टेकडीच्या कडेमागे व घराच्या आत अधिक शिरते, तर साडेतीन गिगाहर्ट्झची सेवा वेगवान असूनही लवकर अडते. ‘पाचवी पिढी’ आली म्हणजे वाडीचा प्रश्न सुटला, असे मानू नये. दुर्गम वस्तीच्या दृष्टीने लांब लहरींची साधी, संथ सेवाच अधिक उपयोगी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घराघरांतही भेद पडतो. पत्र्याचे छप्पर धातूचे असल्याने लहर परतवून लावते. जाड दगडी किंवा मातीची भिंत तिला बरीच शोषते, आणि ओली असेल तर अधिकच. ओल्या पानांची दाट बाग हाही मोठा अडथळा होय. पावसाळ्यात नारळी-पोफळीच्या वाडीत फोन उन्हाळ्यापेक्षा कमी चालतो, हा अनेकांचा अनुभव आहे व तो खोटा नाही.

फोनला मिळणारी शक्ती तरी किती? मनोऱ्यातून एका वाहिनीवर काही दशक वॅट बाहेर पडतात. चांगले बोलणे चालू असताना फोनपर्यंत त्यांपैकी एका वॅटचा दहा लाख कोटींवा भागदेखील पुरतो. इतक्या क्षीण लहरीवर आपण विसंबतो, म्हणून चार पावले उजवीकडे की डावीकडे, उंबऱ्याच्या आत की ओट्यावर, ह्याने फरक पडतो. आणखी एक गोष्ट. मनोरा दूर असला की फोन आपले बळ वाढवून त्याला हाका मारीत राहतो, त्यामुळे सावलीतील गावांत फोनची बॅटरी लवकर उतरते. अशा ठिकाणी फोनचा संदेशव्यवहार बंद ठेवून ठरावीक वेळी उंचवट्यावर जाऊन तो चालू करणे शहाणपणाचे.

आकाशातील मनोरा

डोंगराची सावली टाळावयाची तर मनोरा डोक्यावरच हवा. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीबरोबरच एका दिवसात एक फेरी पूर्ण करतो, म्हणून तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो. त्याच्याकडे लहर पाठवावी, त्याने ती वारंवारता बदलून व बळ देऊन पुन्हा खाली सोडावी, अशी ही योजना. वर जाऊन खाली येण्यास लहरीला सुमारे पाव सेकंद लागतो.

महाराष्ट्राचा ह्या कामाशी जुना संबंध आहे. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे १९७१ साली देशाचे व्यापारी उपग्रह-संदेशवहनाचे भूकेंद्र सुरू झाले आणि परदेशी टेलिफोन व्यवहार उपग्रहाद्वारे होऊ लागला. डोंगरांनी वेढलेली जागा अशा केंद्रास सोयीची असते. जी भिंत वाडीला इशाऱ्यापासून वंचित करते, तीच येथे इतर मनोऱ्यांच्या लहरींचा गोंगाट बाहेर ठेवते. त्याच तालुक्यात खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीलाही अशीच शांतता लागते. मात्र ती आकाशातील लहरी केवळ ऐकते, संदेश पाठवीत नाही.

शेतीच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षभर झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ह्या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उतरविण्यात आले. शेती, आरोग्य व शालेय शिक्षण हे त्यांचे विषय होते. ८६० मेगाहर्ट्झच्या लहरी पकडण्यासाठी खेड्यांत ३ मीटर व्यासाच्या, तारेच्या जाळीच्या तबकड्या बसविल्या होत्या. जाळीची भोके लहरीपेक्षा कितीतरी लहान असल्याने लहरीस ती जाळी अखंड पत्र्यासारखीच वाटते; वारा मात्र आरपार जातो. ज्या खेड्यांत तोवर दूरचित्रवाणी कोणी पाहिली नव्हती, तेथे सारे गाव एका संचासमोर बसून कार्यक्रम पाहू लागले.

आज घरोघरी दिसणाऱ्या तबकड्या त्याच मार्गावरच्या आहेत. २०१५ साली सुरू झालेली दूरदर्शनची ‘किसान’ वाहिनीही अशाच तबकडीवर उतरते. महाराष्ट्रात ह्या तबकड्यांची तोंडे दक्षिणेकडे व थोडी पूर्वेस असतात, कारण उपग्रह विषुववृत्तावर, आपल्या दक्षिणेस व बहुधा पूर्वेकडे आहेत. तबकडी बसविताना त्या बाजूचे झाड तोडण्यापेक्षा तबकडी दुसऱ्या कोपऱ्यावर हलविणे स्वस्त पडते.

पावसाचा अडथळा

ऐन मुसळधार पावसात दूरदर्शनचे चित्र फुटते व नाहीसे होते, हे सर्वांनी पाहिले आहे. केबल ढिली झाली असे समजून अनेक जण भर पावसात छपरावर चढतात. विजा चमकत असता असे करणे अत्यंत धोक्याचे आहे. बहुतेक वेळा दोष तबकडीत नसतो. पाऊसच लहर खात असतो.

पाण्याच्या प्रत्येक रेणूचे एक टोक धन व दुसरे ऋण विद्युतभाराचे असते. लहर येताच तो तिच्याबरोबर वळू पाहतो, आणि ह्या ओढाताणीत लहरीची शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्च होते. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीत २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी अन्न तापते ते ह्याच गुणामुळे. पावसाचा थेंब काही मिलिमीटरांचा असतो. लहरीची लांबी त्याच्या जवळ येऊ लागली की शोषणाबरोबर लहर इकडेतिकडे विखुरलीही जाते.

म्हणून लहर जितकी आखूड, तितका पावसाचा जाच अधिक. तासाला १०० मिलिमीटर ह्या वेगाने पाऊस कोसळत असता ६ गिगाहर्ट्झच्या लहरीची दर किलोमीटरला सुमारे १ डेसिबल घट होते, १२ गिगाहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल, तर २३ गिगाहर्ट्झला १० डेसिबलहूनही अधिक. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे आणि १० डेसिबल म्हणजे एक दशांश उरणे. २३ गिगाहर्ट्झच्या ढोलकाचा दुवा तीन किलोमीटर अशा पावसातून गेला, तर पलीकडे हजाराव्या भागाहूनही कमी शक्ती पोहोचेल. ९०० मेगाहर्ट्झची मोबाईल लहर मात्र ह्या पावसातून जवळजवळ सुखरूप जाते. तेव्हा भर पावसात फोन बंद पडतो तो बहुधा फोन व मनोरा ह्यांच्यामधील पावसाने नव्हे. मनोऱ्यापुढील दुवा तुटलेला असतो, किंवा वीज गेलेली असते.

येथेच खरी अडचण आहे. ज्या घटकेला इशाऱ्याची सर्वाधिक गरज, त्याच घटकेला संदेशाचा मार्ग सर्वांत दुबळा असतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. खांब व झाडे पडली, वीज गेली, मनोरे मुके झाले आणि अनेक गावांचा संपर्क पुढे कित्येक दिवस नीट जुळला नाही. मनोऱ्यावरील बॅटरी काही तासच पुरते; पुढे डिझेलवर चालणारे जनित्र नसेल वा तेथवर रस्ता नसेल, तर मनोरा उभा असूनही निरुपयोगी ठरतो.

ह्याच अडथळ्याचा एक सुंदर उपयोगही निघाला आहे. दोन मनोऱ्यांमधील दुवा पावसात किती क्षीण झाला, ह्याची नोंद दूरसंचार कंपन्यांकडे आपोआप होत असते. त्या नोंदींवरून वाटेत किती पाऊस पडला हे काढता येते, असे इस्रायलमधील हागित मेसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले. २०१३ साली नेदरलँड्समधील शास्त्रज्ञांनी अशा सुमारे २,४०० दुव्यांच्या आधारे सबंध देशाचे पर्जन्यनकाशे तयार केले. तालुक्याच्या ठिकाणी एक पर्जन्यमापक असतो आणि पाऊस मात्र एका शिवारात कोसळून शेजारचे शिवार कोरडे ठेवतो, हे पीकविम्याच्या दाव्यांच्या वेळी सर्वांस कळून चुकते. अशा प्रदेशात ह्या पद्धतीचा विचार अवश्य व्हावयास हवा.

दोन गैरसमज

मनोऱ्यामुळे आंब्याचा मोहर गळतो, अशी समजूत काही भागांत आहे. सूक्ष्मलहरींची शक्ती रेणू फोडण्याइतकी नसते. ती फार तर पदार्थ तापवू शकते, आणि मनोऱ्यापासून बागेपर्यंत पोहोचणारी शक्ती त्यासाठीही अत्यल्प असते. मोहर गळत असेल तर प्रथम तुडतुडे व भुरी रोग पाहावा, अवेळी पडलेला पाऊस ध्यानात घ्यावा. मनोऱ्यास दोष देत बसल्यास फवारणीची वेळ निघून जाते. माणसाच्या आरोग्याबाबत म्हणावयाचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली ह्या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ ह्या गटात घातले. त्यामागील पुरावा मर्यादित असल्याचेही तिने नमूद केले. आपल्या देशात सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांना आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू आहे.

दुसरी समजूत अधिक महाग पडते. ‘तुमच्या शेतात मनोरा उभारतो, दरमहा मोठे भाडे देतो, त्याआधी नोंदणीची व कराची रक्कम भरा,’ असे सांगणारे फोन व पत्रे शेतकऱ्यांना येतात. सरकारी शिक्क्याचे कागदही दाखविले जातात. मनोरा उभारण्यासाठी जमीनमालकाकडून आगाऊ रक्कम घेण्याची कोणतीही सरकारी पद्धत नाही, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ह्याविषयी लोकांस पुन्हा पुन्हा सावध केले आहे. असे पत्र कोणी दाखविल्यास कार्यकर्त्यांनी ते लगेच पोलीस ठाण्यात नेण्यास सांगावे.

वाडीपर्यंत इशारा नेण्यासाठी

कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यातच एक दिवस काढून गावाचा लहरी-नकाशा तयार करावा. त्यास कोणतेही यंत्र लागत नाही. दोन-तीन कंपन्यांचे फोन घेऊन प्रत्येक वाडी, पाडा, वस्ती व नेहमीची चराऊ रानेही फिरावीत. कोणत्या जागी कोणता फोन लागतो, ओट्यावर की केवळ टेकाडावर, हे कागदावर टिपावे. वाडीपासून सर्वांत जवळची जी जागा लहरीच्या उजेडात असेल, तिची सर्वांस माहिती द्यावी. हाच फेरा भर पावसाळ्यात आणखी एकदा करावा, कारण ओल्या झाडीत नकाशा बदलतो.

संदेशांच्या प्रकारांतही निवड आहे. बोलण्यासाठी दुवा अखंड टिकावा लागतो. लघुसंदेश मात्र केंद्रात साठवून ठेवला जातो आणि फोन लहरीच्या टप्प्यात येताच पोहोचविला जातो. म्हणून दुर्बळ जागी फोन लावीत बसण्यापेक्षा लघुसंदेश पाठवावा. विजेचा इशारा देणारे, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे साधन २० ते ४० किलोमीटरच्या परिसरातील विजांची सूचना देते, परंतु त्यास इंटरनेट लागते. ज्या वाडीत ते नाही, तेथे त्यावर विसंबू नये. ‘११२’ ह्या आपत्कालीन क्रमांकाचा फोन आपल्या कंपनीची सेवा नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या मनोऱ्यावरून जाऊ शकतो, हे मुलांनाही सांगून ठेवावे. जेथे आकाशवाणीचे मध्यमलहरी केंद्र ऐकू येते, तेथे सेलवर चालणारा एक रेडिओ वाडीत असावाच. डोंगराच्या सावलीची त्याला फारशी पर्वा नसते.

हवामान खात्याचा कृषिसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. तो त्याच दिवशी, आकाश निरभ्र असतानाच उतरवून घ्यावा व पुढील चार-पाच दिवसांचा अंदाज वाडीतील शाळेच्या किंवा देवळाच्या फळ्यावर लिहावा. ढग आल्यावर फोन चाळण्यात अर्थ नाही. तातडीच्या इशाऱ्यासाठी मात्र माणूसच हवा. लहरीच्या टप्प्यात राहणारे एक घर व वाडीतील दोन घरे आधीच ठरवावीत. इशारा आला की पहिल्या घराने कोणास पाठवावयाचे, रात्र असेल तर बॅटरीचा उजेड टेकाडावरून कसा दाखवावयाचा, भोंगा की घंटा, किती वेळा, हे सर्व ग्रामसभेत ठरवून घ्यावे. दवंडीची प्रथा अजून जेथे जिवंत आहे, तेथे ती मोडू देऊ नये. मनोऱ्यापासून शेवटच्या उंबऱ्यापर्यंतचा तो अर्धा कोस अजूनही माणसालाच चालावयाचा असतो. ठरलेली ही व्यवस्था मृगापूर्वी एकदा प्रत्यक्ष करून पाहावी आणि इशारा माळावरून वाडीत पोहोचण्यास किती मिनिटे लागली, ते घड्याळ लावून गावाच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.